कुंग-फू आहे म्हणून ‘ब्रदरहूड ऑफ द वुल्फ’ भंगार?

खवचट_कोल्हा: काल इथे एकाने या फ्रेंच सिनेमाबद्दल लिहिलं, अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये कुंग-फू घुसवून इतिहासाची वाट लावली, अर्ध्यात बंद केला. अहो, मग मत कशाला देता? १७६४ ते ६७ फ्रान्सच्या जेवोदां भागात एका जनावराच्या हल्ल्यांत शंभरेक माणसं मेली, बहुतेक गुरं राखणारी पोरं नि बाया. राजाने आपल्या आंत्वान नावाच्या शिकाऱ्याला धाडलं, त्याने ६५च्या सप्टेंबरात एक दांडगा लांडगा मारला, पेंढा भरून व्हर्सायला पाठवला, बक्षीस घेतलं, फाईल बंद. डिसेंबरात पुन्हा हल्ले सुरू, पण दरबाराच्या लेखी जनावर मेलेलं ना! सिनेमात हीरो फ्रोन्साककडून साध्या लांडग्याचा राक्षस बनवून घेतात तो सीन म्हणजे हाच इतिहास.

अर्धवट_प्रेक्षक: मीच तो. तो सीन येईपर्यंत जागं राहायचं कसं तेही सांगा. सव्वादोन तासांच्या वर सिनेमा, त्यात सुरुवातीलाच भर पावसात इरोक्वा (उत्तर अमेरिकेतला मूळनिवासी) माणूस स्लो मोशनमध्ये लाथा घालतोय. आणि खरं जनावर मारलं ज्याँ शास्तेलने, गावच्या माणसाने. इथे हीरो कोण, तर राजाने धाडलेला पाहुणा. यावर बोला की!

माळरान: ते राहू द्या, दरवेळी लांडगाच का बदनाम? आमचा मामा इंदापूरकडे मेंढरं राखतो, कोकरू गेलं की शिव्या घालतो पण विष कधी घातलं नाही. माणसावर आलेला लांडगा त्याने आयुष्यात पाहिला नाही.

खवचट_कोल्हा: ताई, सिनेमात माणसं मारणारा लांडगा नाहीच आहे. चिलखत घातलेलं आफ्रिकेतलं जनावर, मागे माणसं. लांडग्याची बाजू यापेक्षा कोणी घ्यायची?

अर्धवट_प्रेक्षक: वा, शेवट फोडलात. धन्यवाद.

माळरान: पोस्टरवर, नावात लांडगा, आणि लोक तेवढंच बघतात. माळरानावर प्लॉट पाडताना हेच ऐकवतात, लांडगे गेले तर बरंच.

इतिहासाचा_किडा: मामाने पाहिला नाही म्हणजे होत नाही? फ्रान्समधल्या चर्चच्या नोंदीत लांडग्याने खाल्लेल्यांची नावं आहेत. पोर एकटं, गुरं मोकळी, मोठं माणूस लांब. कुठलाही लांडगा धीट होईल.

माळरान: मग गुराखी पोरांना एकटं धाडणाऱ्यांना बोला. तुम्ही मेंढरामागे एक रात्र तरी काढलीय का?

इतिहासाचा_किडा: नाही काढली. तुमचे मामा फ्रान्सला गेलेत का?

अर्धवट_प्रेक्षक: भांडा निवांत. शास्तेलवर अजून उत्तर नाहीये.

खवचट_कोल्हा: बरं बाबा, शास्तेलवर अन्याय झाला, मान्य. पण सिनेमातला नट व्हिन्सेंट कासेल बघितलास का? नाही ना, झोपला होतास.