दोघांसाठी एकच कॅन नको

कुणीतरी विचारलंय, आउटबोर्डसाठी (होडीच्या मागे लावायच्या इंजिनासाठी) केलेलं पेट्रोल-ऑइलचं मिश्रण चेनसॉमध्ये (लाकूड कापायच्या मोटर-करवतीत) चालेल का? कृपया घालू नका. प्रमाण दोन्हीकडे 50:1 (50 भाग पेट्रोल, 1 भाग तेल) असलं तरी तेल वेगळं असतं. टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारं) आउटबोर्ड पाण्यानं थंड होतं, त्याला टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं, म्हणजे पाण्यानं थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचं तेल लागतं. चेनसॉ हवेवर थंड होतो, खूप जास्त तापतो. त्यात हे तेल घातलं तर पिस्टन जाम होण्याची भीती. दोन कॅन ठेवा, ठळक नावं घाला.

होडीसाठी फोर-स्ट्रोक (पेट्रोलमध्ये तेल न मिसळता चालणारं) आउटबोर्ड घ्या, हा इथे दिलेला सल्ला पटतो, आवाज आणि इंधनाचा खर्च दोन्ही कमी. पण ते वजनदार, छोट्या होडीचा मागचा भाग दबतो. आणि शाफ्टची (इंजिनापासून खाली पाण्यातल्या पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याची) लांबी होडीच्या मागच्या फळीची उंची मोजूनच ठरवा, 15 इंचाला शॉर्ट, 20 ला लाँग.