बीसीजी टोचून पण टीबी कसा झाला?

खानापूरकर: काकांच्या दंडावर बीसीजी या टीबीच्या लशीचा वण अजून दिसतोय, तरी टीबी झालाच की. आता प्रोटीनची लस येणार म्हणायलेत, ती काय भानगड हाय?

निपाणीवाला: बीसीजी १९२१ ची, लहान पोरांना मेंदूच्या टीबीपासून वाचवती, मोठ्यांच्या फुप्फुसाला तेवढी नाही. तू म्हणतोस ती प्रोटीनची लस म्हणजे एम७२, तिच्यात टीबीचा अख्खा जंतू नसतोय, त्याची दोन प्रोटीनं जोडून एक केलंय आणि सोबत इम्युनिटीला डिवचणारं एएस०१ई नावाचं मिश्रण, आधीच टीबीचं इन्फेक्शन असलेल्या पण आजारी नसलेल्या मोठ्यांत तीन वर्षांत साधारण ५० टक्के बचाव दिसला, २०२४ पासून मोठी ट्रायल चालू हाय.

लॅबवाली_बेळगाव: टीबीच्या जंतूचं ईसॅट-६ पण बघा, ते प्रोटीन बीसीजीत नसतंयच, म्हणून त्याच्यावरची टीबी इन्फेक्शनची टेस्ट बीसीजी टोचलेल्यात फसत नाही.

खानापूरकर: बरं. काका तर गोळ्या उशीखाली लपवायलेत, आधी ते बघतो.