माइंड मॅप रेपोत टाकावेत, की ज्याचे त्याच्यापाशी राहू द्यावेत?

घासलेट (धागाकर्ता)
आमच्या एका मुक्तस्रोत प्रकल्पात सध्या यावरून जुंपली आहे. कोड जुना, माणसं सगळी स्वयंसेवक. नव्याने येणाऱ्याला कुठून हात घालावा कळत नाही, म्हणून दोघातिघांनी फ्रीप्लेन या सॉफ्टवेअरमध्ये कोडचे माइंड मॅप, म्हणजे मधल्या मुद्द्यातून फांद्या फुटत जाणाऱ्या आकृत्या, काढले. कुठलं मॉड्यूल कशासाठी, कुठला बग का पडून आहे, कशाला अजिबात हात लावायचा नाही, सगळं त्यात आहे. माझं म्हणणं, या फायली रेपोत, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, कोडशेजारीच ठेवाव्यात. फ्रीमाइंड घ्या किंवा त्यातून फुटून निघालेलं फ्रीप्लेन, दोन्ही मुक्त आहेत आणि फाइल साधी एक्सएमएल, म्हणजे टॅग लावलेला मजकूर. मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) म्हणतात, मॅपचं चित्र, म्हणजे पीएनजी, विकीवर चिकटवा आणि मोकळे व्हा.

खडूस काका
मी म्हणतो पीएनजीही नको. मॅप काढताना जो विचार होतो तोच त्याचा फायदा, आणि तो काढणाऱ्याला मिळून गेलेला असतो. ‘पार्सर, जुना, विचारा’ अशा फांदीचं नवख्याने काय करायचं? कोणाला विचारायचं? त्यात कोड पुढे जातो आणि मॅप तिथेच राहतो. रीडमी (प्रकल्पाची ओळख करून देणारी फाइल) शिळा झाला तर निदान कोणीतरी बोंब मारतं.

तिखटमीठ
असहमत. ‘विचारा’ हीच तर खरी माहिती! याचं उत्तर कोडमध्ये नाही, कोणा माणसाकडे आहे, हे रीडमीत कोणी लिहितं का? तिथे सगळे शहाण्यासारखं लिहितात. मॅपमध्ये माणूस बेसावध असतो. आणि चुकीचा समज चारचौघांत आला तरच कोणीतरी दुरुस्त करेल ना?

रातकिडा
‘साधी एक्सएमएल’ हे ऐकायला बरं वाटतं. फ्रीमाइंडची फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, टाकून बघा. फांदी मिटलेली होती की उघडी, हेही फाइलमध्ये लिहिलं जातं. प्रत्येक नोडवर (मॅपमधल्या मुद्द्यावर) बदलाची वेळ, तीही मिलिसेकंदांत. म्हणजे मजकूर एक शब्द बदलला तरी डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक दाखवणाऱ्या यादीत, कचरा भरपूर. मॅप मराठीत असेल तर आणखी मजा: ‘म’च्या जागी अँपरसँड, हॅश आणि युनिकोडचा आकडा. रिव्ह्यू करणाऱ्याने काय वाचायचं? दोघांनी एकाच फांदीवर काम केलं आणि मर्ज, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करणं, अडकलं, की ते हाताने सोडवायला कोणी बसत नाही.

त्यापेक्षा साध्या मजकुरातून आकृती काढणारं मर्मेड वापरा. मार्कडाउन (साध्या खुणांचा मजकूर) फाइलमधलं मर्मेड, कोड ठेवायचं संकेतस्थळ गिटहब २०२२ पासून थेट चित्ररूपात दाखवतं. माइंड मॅपसाठी इंडेंट देऊन ओळी लिहायच्या, बस. डिफ कोणालाही वाचता येतो.

घासलेट
डिफचं मान्य. पण मर्मेडच्या माइंड मॅपमध्ये एका फांदीचं टोक दुसऱ्या फांदीला बाणाने जोडता येत नाही, फ्रीप्लेनमध्ये येतं. आमच्या कोडचं निम्मं दुखणं त्या आडव्या बाणांतच आहे. शे-दीडशे नोड झाले की मर्मेडचं चित्र म्हणजे नुसता गुंता, फांदी मिटून ठेवायचीही सोय नाही.

श्रवणभक्त
डोळस मंडळींचं चालू द्या. मी स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतो. विकीवरची पीएनजी मला ‘इमेज’ एवढंच सांगते, फार तर फाइलचं नाव. पण फ्रीप्लेनमधली फांदी कॉपी करून टेक्स्ट एडिटरमध्ये पेस्ट केली, की टॅब दिलेल्या ओळी मिळतात. तेवढ्या जरी सोबत टाकल्या तरी कशाखाली काय आहे हे मला कळतं.

खडूस काका
हे पटलं. मग ओळीच ठेवा की, मॅप कशाला?

तिखटमीठ
कारण त्या ओळी मॅपमधून निघाल्या! थेट लिहायला बसलात तर पुन्हा शहाणा रीडमीच तयार होईल.
अवांतर: ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी १९७४ साली बीबीसीवरून माइंड मॅप घरोघरी नेले, तेव्हा कोरा कागद आणि रंगीत पेनं पुरायची. मर्ज कॉन्फ्लिक्ट झालाच तर भावंडांत व्हायचा.

रातकिडा
मूळ फाइल आणि ओळी, दोन्ही ठेवा. रिव्ह्यू फक्त ओळींचा करायचा. मॅप इतरांनी कसे वापरायचे याचा परवानाही आत्ताच ठरवा, नंतर प्रत्येकाची संमती शोधत फिरावं लागेल. बाण ओळींत उतरणार नाहीत, तिथे ‘पाहा: अमुक मॉड्यूल’ असं हाताने लिहावं लागेल.

खडूस काका
हाताने कोण लिहिणार? नाव सांगा, मग माझा विरोध मागे घेतो.