दात घासायचे माहीत असूनही मुले घासत नाहीत; शाळेत काय शिकवावे?

प्रश्न (शिक्षिका):
आरोग्यशिक्षणाच्या तासाला मी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना दातांची निगा शिकवते. दिवसातून दोनदा दात घासावेत, हे त्यांना लहानपणापासून तोंडपाठ आहे. तरीही परवा एका मुलीने तास संपल्यावर हळूच सांगितले की, रक्त येते म्हणून तिने महिनाभर हिरड्यांना ब्रश लागूच दिलेला नाही. अशा मुलांना नेमके काय सांगावे?

उत्तर १ (दंतवैद्य):
सुरुवात तिच्या भीतीपासूनच करावी. वयात येताना संप्रेरकांमुळे हिरड्या दातांवरच्या चिकट थराने, म्हणजे प्लाकने, लवकर सुजतात आणि त्यांतून रक्त येते. तेवढ्यात घासणे सोडले, की थर साचतो व सूज आणखी वाढते. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला साधारण ४५ अंशांत तिरका धरून हलक्या हाताने फिरवावा. दोन आठवड्यांतही रक्त थांबले नाही, तर मात्र तपासून घ्यावे. साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी येणारी दुसरी कायमची दाढही दाखवा, कारण ती इतकी मागे असते की जुन्या सवयीचा ब्रश तिथवर पोहोचतच नाही.

उत्तर २ (निवृत्त शिक्षक):
मी पालकांची संमती घेऊन प्लाकला रंग चढवणाऱ्या गोळ्या मुलांना चघळायला देत असे. सकाळी दात घासून आलेला एक मुलगा खालच्या दातांच्या आतल्या बाजूची जांभळी रेघ आरशात बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्याने स्वतःहून ब्रश मागितला. आरसा मात्र ज्याचा त्याच्या हातात असावा. या वयात चारचौघांत तोंड उघडून दाखवायला लावणे फार जिव्हारी लागते.

उत्तर ३ (पालक):
गोड पेयाचाही विषय घ्यावा. साखरेवर जगणारे जिवाणू आम्ल तयार करतात आणि तोंडातला सामू (pH; आम्ल वाढले की हा आकडा घटतो) सुमारे ५.५ च्या खाली गेला, की दातांवरच्या कठीण आवरणातील खनिजे विरघळू लागतात. म्हणून तेच पेय तासभर घोट घोट पिणे एकदाच पिऊन संपवण्यापेक्षा वाईट. झोपेत लाळही कमी सुटते, त्यामुळे रात्रीचे घासणे चुकवू नये. फ्लोराइडच्या पेस्टचा फेस थुंकावा, लगेच खळखळून चूळ भरू नये. आमच्या मुलाला हे कारण कळले, तेव्हापासून त्याला आठवण करावी लागत नाही.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. उद्या आधी त्या मुलीशी एकटीशी बोलते. गोळ्यांसाठी पालकांना पत्र त्यानंतर पाठवीन.