नवी एसएसडी आणि ४ टीबीची हार्ड डिस्क: विंडोज टाकण्याआधी पार्टिशन कसे करावेत? सल्ला हवा आहे

पंचवटीकर

नमस्कार. पंचवटीत माझा अक्षरजुळणीचा छोटा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, देवस्थानांची पावतीपुस्तके अशी कामे गेली चौदा वर्षे मी एकाच संगणकावर करत आले आहे. त्यावर विंडोज ७ आहे आणि त्यातील ५०० जीबीची हार्ड डिस्क गेल्या आठवड्यापासून अधूनमधून टकटक आवाज करू लागली आहे. सिंहस्थाची छपाईची कामे सुरू होण्यापूर्वी सगळे मार्गी लागावे म्हणून मी नवा संगणक जुळवून घेतला. त्यात १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) आणि ४ टीबीची साधी हार्ड डिस्क आहे. विंडोज ११ अजून टाकलेले नाही.

पहिली अडचण अशी की एका परिचितांनी ४ टीबीची डिस्क जुन्या संगणकाला जोडून सुरू करून दिली, पण तिच्यात २०४८ जीबीचेच पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) करता आले आणि उरलेले सुमारे १६७८ जीबी काळ्या पट्टीखाली नुसते पडून आहेत. डिस्क सदोष आहे का? दुसरे म्हणजे, जुन्या संगणकावर सी, डी, ई आणि एफ असे चार ड्राइव्ह होते. नव्या एसएसडीवरही तसेच करावेत का आणि सीला किती जागा द्यावी? तिसरे म्हणजे, क्विक फॉरमॅट पुरेसे आहे की पूर्ण फॉरमॅट करावे? माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला याच संगणकावर उबुंटू ही लिनक्सवर आधारित दुसरी कार्यप्रणालीही हवी आहे. नव्या डिस्कवर अजून एकही फाइल नाही, त्यामुळे सगळे पुन्हा पहिल्यापासून करण्याची माझी तयारी आहे.

सातपूरकर

ताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नांच्या आधी न विचारलेल्या गोष्टीकडे वळतो. टकटक आवाज करणारी डिस्क आत्ताच बंद करा. तो आवाज बहुधा आतील वाचणारा भाग पुन्हा पुन्हा अडखळत असल्याचा असतो आणि अशा डिस्कला उरलेले प्रत्येक मिनिट केवळ फाइली बाहेर काढण्यासाठीच वापरायला हवे. नव्या डिस्कची तयारी पूर्ण होईपर्यंत तिची केबल काढूनच ठेवा.

तुमची ४ टीबीची डिस्क सदोष नाही. ती एमबीआर या पार्टिशनची नोंद ठेवण्याच्या जुन्या पद्धतीने सुरू केली गेली आहे, इतकेच. ही पद्धत १९८३ साली डॉस २.० बरोबर आली. तिच्यात सेक्टरचा (डिस्कवरील लहान कप्प्याचा) क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो आणि सेक्टर ५१२ बाइटांचा धरला जातो, त्यामुळे हिशेब २०४८ जीबीपाशी संपतो व त्यापुढील जागेला पत्ताच देता येत नाही. जीपीटी या नव्या पद्धतीत पत्ता ६४ बिटांचा असतो, विंडोजमध्ये १२८ पर्यंत पार्टिशन करता येतात आणि पार्टिशनच्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवली जाते, म्हणजे सुरुवातीचा भाग बिघडला तरी तक्ता परत उभा करता येतो. डिस्क रिकामी असल्यामुळे तुमचे काम सोपे आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिच्यावरचे पार्टिशन पुसा, डाव्या बाजूला डिस्कच्या नावावर उजवे क्लिक करा आणि ‘कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क’ निवडा. नंतर सुमारे ३७२६ जीबीचे एकच पार्टिशन करा. ४ टीबीऐवजी ३७२६ दिसले तरी काही हरवलेले नसते, कारण कारखाना हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत. विंडोज ७ ला जीपीटीवरून सुरू होण्यात अडचणी येतात, पण माहितीची डिस्क म्हणून ते तिला व्यवस्थित वाचते, त्यामुळे नंतर फाइली घेताना ती जुन्या संगणकाला जोडता येईल. जुनी डिस्क काढलेली असल्यामुळे जीपीटी आणि फॉरमॅटचे काम मात्र दुसऱ्या एखाद्या विंडोज संगणकावर करा.

या डिस्कला पूर्ण फॉरमॅट द्या. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त नवी अनुक्रमणिका लिहिली जाते. विस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅटमध्ये मात्र प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिले जाते आणि न चालणारे सेक्टर बाजूला काढले जातात. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तर ४ टीबीला सात ते आठ तास लागतील, म्हणून रात्री लावून ठेवा. चौदा वर्षांचे काम ज्या डिस्कवर ठेवायचे तिची एवढी परीक्षा घ्यायलाच हवी. एसएसडीला याची गरज नाही, तिथे क्विक फॉरमॅटच योग्य आहे.

आता ज्या चुकीने मी स्वतः दोन दिवस घालवले ती सांगतो. विंडोज टाकताना एसएसडी सोडून बाकी सर्व डिस्कच्या केबल काढा. संगणकात दुसरी डिस्क असली तर विंडोजचा इन्स्टॉलर संगणक सुरू होण्यासाठी लागणारे ईएफआय पार्टिशन कधीकधी तिच्यावर करतो किंवा तिथे आधीपासून असलेलेच वापरतो. माझ्या घरी असेच झाले होते आणि ते मला सहा महिन्यांनी, जुनी डिस्क काढल्यावर संगणक सुरूच होईना तेव्हा, कळले. एकच डिस्क जोडलेली असेल तर चुकीची डिस्क पुसण्याची भीतीही उरत नाही. १ टीबीच्या दोन डिस्क पडद्यावर शेजारी दिसल्या की अनुभवी माणसाचाही हात चुकतो.

सी, डी, ई, एफ या सवयीमागे इतिहास आहे. नव्वदच्या दशकात फॅट १६ या फाइली मांडण्याच्या पद्धतीत एक पार्टिशन २ जीबीपेक्षा मोठे होत नसे, त्यामुळे डिस्कचे तुकडे करणे भागच होते. आज तशी सक्ती नाही. माझ्या मते एसएसडीवर विंडोजसाठी एकच पार्टिशन असावे. तुमची कामे ४ टीबीच्या डिस्कवर राहू द्या आणि दुसरी प्रत घराबाहेर, आणखी एका डिस्कवर ठेवा. डी ड्राइव्हवर ठेवलेली फाइल सुरक्षित असते असे अनेकांना मनापासून वाटते, पण सी आणि डी एकाच डिस्कवर असतील तर डिस्क बंद पडताच दोन्ही एकदम जातात.

देवळालीकर

सातपूरकरांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, पण एकाच पार्टिशनच्या आग्रहाशी नाही. व्यवसायाच्या संगणकावर विंडोज कधीतरी पुन्हा टाकावेच लागते. अशा वेळी सी पुसून पुन्हा टाकता येतो आणि डीवरील चालू कामाला हात लागत नाही. मुद्रणालयाला उद्या सकाळी फाइल द्यायची असेल, तर ५०० जीबी माहिती इकडून तिकडे हलवण्याइतका वेळ कोणाकडे असतो? मी स्वतः सीला ३०० जीबी देतो आणि उरलेल्या जागेत चालू वर्षाची कामे ठेवतो. सीला १०० जीबी देण्याची जुनी पद्धत मात्र सोडा. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबीची आहे, त्यात वर्षातून एकदा येणारे मोठे अपडेट, कोरल ड्रॉ आणि त्याच्या तात्पुरत्या फाइली धरल्या तर ते पार्टिशन वर्षभरात लाल होते.

आणखी एक गोष्ट कोणी सांगितली नाही. जुन्या डिस्कवरून फाइली घेताना केवळ डी, ई आणि एफ घेऊन थांबू नका. तुमची जुनी कामे युनिकोडपूर्व फॉन्टांमध्ये असतील, आणि ते फॉन्ट सी ड्राइव्हवर विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये असतात. तो फोल्डर राहिला, तर पत्रिका उघडतील पण नावांच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतील. डेस्कटॉप आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ही सीवरच असतात. डिस्कचा भरवसा नसल्यामुळे सर्वांत आधी फॉन्ट घ्या, मग चालू कामे आणि शेवटी जुनी कामे.

सातपूरकर

फॉन्टचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. तो या धाग्यातील सर्वांत मोलाचा सल्ला आहे.

पार्टिशनबाबत मी थोडा मागे येतो. ज्यांच्याकडे एकच डिस्क आहे त्यांनी देवळालीकर म्हणतात तसे करावे. ताईंकडे कामांसाठी वेगळी डिस्क आहे, त्यामुळे तो लाभ त्यांना आपोआप मिळतो. एसएसडीवर दोन पार्टिशन केले तर एकात जागा संपते आणि दुसऱ्यात रिकामी राहते, मग लोक सीची सीमा सरकवायला बसतात. भरलेल्या पार्टिशनची सीमा सरकवताना वीज गेली तर माहिती जाऊ शकते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कशी जाते हे वेगळे सांगायला नको, त्यामुळे यूपीएस नसेल तर ते काम करूच नये. पूर्ण फॉरमॅट करताना वीज गेली तर मात्र घाबरू नका. रिकामी डिस्क पुन्हा पहिल्यापासून फॉरमॅट करायची, इतकेच.

पंचवटीकर

दोघांचेही मनापासून आभार. जुनी डिस्क लगेच काढून ठेवली. ४ टीबीची डिस्क दुसऱ्या संगणकावर जीपीटी करून काल रात्री पूर्ण फॉरमॅटला लावली, सकाळी सात वाजता ते पूर्ण झालेले दिसले. मुलगा म्हणतो की ही डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली असती तर विंडोज आणि उबुंटू दोन्हींवर चालली असती. मी विंडोजची नेहमीची एनटीएफएस पद्धत निवडली. चूक झाली का? आणि उबुंटूसाठी जागा आत्ताच सोडावी का?

ओझरकर

एनटीएफएस हीच योग्य निवड आहे. एक्सफॅटमध्ये जर्नल नसतो, म्हणजे लिहिता लिहिता वीज गेली तर काम कुठे अर्धवट राहिले याची नोंद उरत नाही. पेन ड्राइव्हसाठी ते ठीक आहे, पण कायमच्या डिस्कसाठी नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यामध्ये) २०२१ पासून एनटीएफएसवर लिहिण्याची सोय आहे, त्यामुळे मुलाची अडचण होणार नाही.

उबुंटूची जागा आत्ताच सोडा. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये एसएसडीच्या मोकळ्या जागेवर ‘न्यू’ निवडून आकड्याच्या जागी ८१९२०० लिहा. हा आकडा एमबीमध्ये असतो आणि तो ८०० जीबी होतो. विंडोज त्यातूनच १०० एमबीचे ईएफआय आणि १६ एमबीचे एमएसआर (विंडोजने स्वतःसाठी राखलेले) अशी लहान पार्टिशन आपणहून करून घेईल, ती पुसू नका. एसएसडीची एकूण जागा ९३१ जीबी दिसेल, म्हणजे सुमारे १३० जीबी मोकळी राहील आणि उबुंटूला ती पुरेशी आहे. आधी विंडोज आणि नंतर उबुंटू हा क्रम पाळा. उबुंटूला दुसरे ईएफआय पार्टिशन लागत नाही, विंडोजने केलेलेच तो वापरतो, आणि स्वॅपसाठी (मेमरी कमी पडली तर वापरायच्या जागेसाठी) तो फाइल करतो. मुलाला एवढेच बजावा की ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडायचा नाही. विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा, कारण ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि उबुंटू त्या पार्टिशनवर लिहायला नकार देतो.

विंडोज टाकण्याचा पेन ड्राइव्ह रुफस या प्रोग्रामने तयार करताना जीपीटी आणि यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत) निवडा, आणि बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद असल्याची खात्री करा. ते चालू राहिले आणि पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने सुरू झाला, तर ‘या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही’ असा संदेश येतो आणि लोक चांगल्या एसएसडीला दोष देतात. शेवटचे म्हणजे, विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने टाकली की बऱ्याच संगणकांवर एन्क्रिप्शन (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणे) आपणहून सुरू होते. ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, उबुंटू टाकल्यावर विंडोज ती मागू शकते.

पंचवटीकर

रविवारी सगळे पार पडले. आधी जुनी डिस्क जुन्या संगणकावर शेवटची जोडली. फॉन्ट, चालू कामे आणि २०१६ नंतरची सर्व कामे ४ टीबीच्या डिस्कवर आली, त्यानंतर जुनी डिस्क दिसेनाशी झाली. त्याआधीच्या काही स्मरणिका गेल्या, पण एकही चालू काम गेले नाही. मग नव्या संगणकाला फक्त एसएसडी जोडून विंडोज टाकले आणि ते सुरू झाल्यावर ४ टीबीची डिस्क परत जोडली. बाहेर ठेवायच्या प्रतीसाठी १ टीबीची बाह्य डिस्क घेतली आहे. ती नाशिकरोडला बहिणीकडे राहील आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी ती घेऊन येईन. रिकव्हरी की पावतीपुस्तकांच्या कपाटात ठेवली आहे. उबुंटू मुलगा परीक्षेनंतर टाकेल, तोपर्यंत ती १३० जीबी जागा मोकळीच राहील.