डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) निदान झाल्यावर डॉक्टरांशी काय बोलायचं? (अनुभव धागा)

निदान कानावर पडलं की डोकं सुन्न होतं. त्यानंतर डॉक्टर जे सांगतात, त्यातलं निम्मंही घरी पोचेपर्यंत टिकत नाही. पुढच्या भेटीला काय घेऊन जावं, काय विचारावं, कुठे चुकतं, हे इथे लिहा. नेमकं लिहा, म्हणजे कालच निदान ऐकलेल्या माणसाला आज उपयोगी पडेल.

•

सुरुवात वहीपासून करा. "हल्ली फार विसरतात" एवढं सांगितल्यावर डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. नोंद अशी हवी: "१२ तारीख, संध्याकाळी ६.३०. घरात असूनही 'मला घरी जायचंय' म्हणत दाराशी उभ्या. आदल्या रात्री झोप जेमतेम ३ तास. दिवे लावले, हात धरून शेजारी बसवलं, २० मिनिटांनी शांत." यातून वेळ कळते, आधीची न झालेली झोप कळते आणि कशाने शांत झाल्या तेही कळतं. नुसतं "संध्याकाळी त्रास देतात" म्हटलं, तर गोळी लिहून मिळण्याचीच शक्यता जास्त.

दोन आठवड्यांच्या नोंदी पुरतात. त्या एका पानात उतरवा आणि सगळ्यात जास्त काळजीच्या तीन गोष्टी वरती लिहा. पान जमलं तर आधीच पोचतं करा. कपड्यात लघवी होते, पैशांवरून संशय घेतात, हे त्या माणसासमोर मोठ्याने बोललं की त्याची मान खाली जाते आणि पुढे तो तोंड उघडत नाही.

काही गोष्टी घरच्यांना संबंध नसलेल्या वाटतात म्हणून सांगायच्या राहतात: झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं, खोलीत नसलेली माणसं किंवा मुलं दिसणं, वास न येणं, तोल जाणं, जुनं बद्धकोष्ठ. डिमेन्शिया कोणत्या प्रकारचा आहे, हे ठरवताना याच गोष्टी कामाला येतात.

•

वरच्याला जोडून. डिमेन्शिया हे लक्षणसमूहाचं नाव आहे, त्यामुळे "कोणत्या प्रकारचा, आणि कशावरून म्हणता?" हा प्रश्न विचारायलाच हवा. अल्झायमर सगळ्यात जास्त आढळतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होणारा, लेवी बॉडी (मेंदूच्या पेशींत प्रथिनाच्या गाठी साचणारा) आणि फ्रंटोटेम्पोरल (मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाचा) हे इतर मुख्य प्रकार, आणि उतारवयात बऱ्याचदा दोन प्रकार एकत्र असतात.

प्रकार कळल्याने फरक पडतो. लेवी बॉडी असेल तर हॅलोपेरिडॉलसारख्या, भ्रम आणि आक्रमकपणा आवरायला देतात त्या औषधाने अंग लाकडासारखं ताठ होऊ शकतं, शुद्ध हरपू शकते, जिवावर बेतू शकतं. रात्री दोन वाजता तातडीच्या विभागात आरडाओरडा थांबवायला नेमकं हेच इंजेक्शन दिलं जाऊ शकतं, आणि तिथल्या डॉक्टरांनी फाईल पाहिलेली नसते. म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा. रक्तवाहिन्यांचा प्रकार असेल तर रक्तदाब, साखर आणि धूम्रपान यांवर बोलायला जास्त वेळ द्या.

तपासण्यांबद्दलही विचारा. बी-१२, थायरॉईड, सोडियम पाहिलंय का? मेंदूचा स्कॅन झालाय का? नैराश्याचा विचार केलाय का? यातलं काही सापडलं तर त्यावर उपचार होतो आणि गोंधळ थोडाफार कमी होऊ शकतो.

गुणांवरून घाबरू नका. एमएमएसई आणि मोका या स्मरणशक्ती आणि विचार तपासणाऱ्या दोन्ही चाचण्या ३० गुणांच्या असल्या तरी मोका अवघड आहे. एकाच माणसाला तिच्यात सहसा कमी गुण पडतात. मागच्या वेळी एकीत २४ आणि आता दुसरीत २० पडले, म्हणजे आजार वाढलाच असं नाही. चाचणी मातृभाषेत झाली का, चष्मा आणि कानाचं यंत्र लावलेलं होतं का, हे विचारा. ऐकूच न आलेले पाच शब्द कुणाच्याही लक्षात राहणार नाहीत.

•

औषधांची यादी नको, पिशवीच न्या. घरातली प्रत्येक पट्टी, बाटली, मलम, सर्दीची आणि झोपेची गोळीसुद्धा. क्लोरफेनिरामिन (सर्दीचं), ॲमिट्रिप्टिलिन (नैराश्याचं), ऑक्सिब्युटिनिन (लघवीच्या घाईचं) ही औषधं स्मरणशक्तीला लागणाऱ्या ॲसिटिलकोलीन या मेंदूतल्या रसायनाच्या आड येतात, आणि डोनेपेझिल हे अल्झायमरचं औषध तेच वाढवायला दिलेलं असतं. एक साखळी हमखास दिसते: डोनेपेझिलने लघवीची घाई वाढते, त्यासाठी दुसरीकडून ऑक्सिब्युटिनिन येतं, गोंधळ वाढतो, आणि सगळे म्हणतात आजार बळावला. दोन्ही पट्ट्या एकाच टेबलावर आल्याशिवाय हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

डोनेपेझिल साधारण ५ मिलिग्रॅमने सुरू होतं आणि चार ते सहा आठवड्यांनी, झेपलं तर, १० वर नेतात. मळमळ, जुलाब, भूक मरणं, वजन उतरणं याकडे लक्ष ठेवा. रात्रीच्या गोळीने भयानक स्वप्नं पडत असतील तर सकाळी देता येईल का, ते विचारा. नाडी मंद असेल, चक्कर येऊन पडणं झालं असेल, तर ते गोळी सुरू होण्याआधीच सांगा.

रिव्हास्टिग्मिन (डोनेपेझिलसारखंच काम करणारं औषध) याच्या त्वचेवर चिकटवायच्या पट्टीत होणारी चूक म्हणजे जुनी काढायची राहून नवी लावणं. दुप्पट डोस जातो, उलट्या होतात, नाडी फार मंदावू शकते. रोज जागा बदला, त्याच जागी १४ दिवस परत नको, आणि काढलेल्या पट्टीची नोंद कॅलेंडरवर करा. तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर पूर्वीच्याच डोसने स्वतःहून सुरू करू नका, फोन करा. सुरुवात पुन्हा खालून करावी लागते.

ही औषधं आजार थांबवत नाहीत. म्हणून "उपयोग होतोय हे कशावरून ओळखायचं, आणि किती महिन्यांनी?" हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

•

लेकॅनेमॅब या अल्झायमरवरच्या नव्या औषधाबद्दल सगळे विचारतात. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली. ते फक्त अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे. मेंदूत अमायलॉइड हे प्रथिन साचल्याचा पुरावा लागतो, आणि औषधामुळे मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतोय का हे पाहायला एमआरआय पुन्हा पुन्हा करावा लागतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ते आधी सांगा.

•

खुर्च्यांकडे लक्ष द्या. पेशंटची खुर्ची डॉक्टरांच्या समोर, नातेवाइकाची बाजूला, थोडी मागे. उलटं झालं की डॉक्टर नकळत नातेवाइकाशीच बोलतात, आणि ज्याचा आजार आहे तो माणूस भिंतीकडे बघत बसतो. हे पाहवत नाही.

प्रश्न एका वेळी एकच, आणि उत्तरासाठी थांबा. दहा सेकंदांची शांतता आपल्याला फार लांबते, त्यांना शब्द शोधायला तेवढी लागतेच. "मला काही झालेलं नाही" असं ते म्हणाले तर तिथल्या तिथे खोडून काढू नका. आपल्याला काय होतंय याचं भान सुटणं हा बऱ्याचदा आजाराचाच भाग असतो. तो हट्ट नसतो, खोटेपणाही नसतो. नातेवाइकाला वेगळं बोलायचं असेल तर त्यांना सांगूनच पाच मिनिटं मागा.

•

एकच मुद्दा. बदल काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत झाला असेल, म्हणजे अचानक भ्रम, सारखी झापड, कुणाला ओळखत नाहीत, तर "आजार पुढे गेला" म्हणून पुढच्या तारखेची वाट पाहू नका. कारण वेगळं असू शकतं: संसर्ग, तुंबलेली लघवी, कोंडलेलं पोट, शरीरातलं कमी झालेलं पाणी, नवीन औषध, नाहीतर पडून डोक्याला लागलेला मार. त्याच दिवशी दाखवा आणि फोनवर "कालपर्यंत असे नव्हते" हे वाक्य आधी म्हणा.

•

गाडी चालवणं, बँकेचे व्यवहार, मृत्युपत्र हे विषय पहिल्या दोन-तीन भेटींतच काढा. निर्णयक्षमता अजून शाबूत असताना डॉक्टरांनी तसं लेखी दिलं तर पुढे वाद टळू शकतात. गाडी बंद करण्याबद्दल डॉक्टरांनीच बोलावं अशी विनंती करा, म्हणजे रोजचा राग घरच्यांवर निघत नाही.

पुढे गिळता येईनासं झालं तर अन्नासाठी नळी हवी का, शेवटी रुग्णालय हवं की घर, हे त्या माणसालाच विचारा, चांगल्या दिवशी, सकाळच्या वेळी. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा, तारीख घाला, वाचून दाखवा. एक प्रत डॉक्टरांच्या फाईलमध्ये लावून घ्या.