मदत हवी आहे: रेषेच्या समीकरणाचं कोणतं रूप कधी वापरायचं, हे मुलांना कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी. परभणीजवळच्या एका गावात मी अकरावीच्या शिकवण्या घेते. लेकरांना सूत्रं तोंडपाठ आहेत, पण गणित कसंही येवो, सरसकट वाय = एमएक्स + सी लिहितात (एम म्हणजे चढ, एक्स एकाने वाढला की वाय किती बदलतो ते; सी म्हणजे एक्स शून्य असतानाचा वाय).

परवा पाण्याच्या टाकीचं उदाहरण दिलं. आधीचं पाणी 500 लिटर, टँकरमधून मिनिटाला 40 लिटर भर. एक्स म्हणजे मिनिटं, वाय म्हणजे लिटर: वाय = 40एक्स + 500, लगेच जमलं. मग तेच फिरवून विचारलं: पाचव्या मिनिटाला 700 लिटर, बाराव्याला 980. सुरुवातीचं पाणी दिलेलंच नाही, तर बऱ्याच जणांनी 700 लाच सी धरलं! इथं आधी चढ काढायचा, (980 − 700) ÷ (12 − 5) = 40, मग बिंदू-चढ रूप: वाय − 700 = 40(एक्स − 5). सोडवल्यावर पहिलंच समीकरण आलं, तेव्हा लेकरं हरखली.

माझं घोडं अडलंय ते उभ्या रेषेपाशी. एक्स = 3 या रेषेचा चढ ठरवताच येत नाही, त्यामुळे ती चढाच्या रूपांत बसत नाही, सामान्य रूपात (एएक्स + बीवाय + सी = 0) बसते. टाकीच्या उदाहरणातून हे दाखवता येत नाही. शेतातलं किंवा बाजारातलं एखादं उदाहरण कुणी वर्गात वापरलंय का? आणि दोन बिंदू दिले असतील तर तुम्ही थेट द्विबिंदू रूप लिहायला लावता, की आधी चढ काढायला सांगता?